मशीन राहू दे, आधी पाला किती आहे ते सांग: 40-50 घरांच्या सोसायटीत ओला कचरा कसा जिरवायचा

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. मावशी, तुमच्याकडे ते खताचं चालू आहे ना, आमच्या कमिटीने मशीनची कोटेशनं मागवलीत, साडेचार लाखाचं एक आहे, घेऊ का? मी म्हटलं, मशीन राहू दे, आधी पाला किती आहे ते सांग. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग तासभर फोनवर समजावत बसले, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळीचा पार गाळ झाला. तेच सगळं इथे लिहून ठेवतेय, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवून देणार.

आम्ही विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगरात. दोन विंग, 48 घरं. मशीन नाही, मागच्या बाजूला पत्र्याखाली जाळीचे चार कप्पे आहेत आणि तीन वर्षं झाली, आमचा ओला कचरा सहसा गेटच्या बाहेर जात नाही. नोटीस वगैरे कुणी दिली नव्हती हां. 2016 च्या घनकचरा नियमांत दिवसाला 100 किलोच्या वर कचरा करणारे ते मोठे समजले जायचे, आणि मुंबईत पालिकेने 2017 पासून अशा मोठ्या सोसायट्यांच्या मागे लकडा लावला, आम्ही त्या हिशोबात बसतच नव्हतो. पण मुलुंडचं डम्पिंग 2018 मध्ये बंद झालं, देवनार तर 1927 पासूनचं, भरून डोंगर झालेला, त्यामुळे मुंबईचा बहुतेक कचरा आता कांजूरला जातो आणि कांजूर म्हणजे आमचं पुढचंच स्टेशन. 2016 च्या जानेवारीत देवनारला आग लागली होती तेव्हा त्याचा धूर उपग्रहाच्या फोटोतही दिसला होता. त्या डोंगराच्या पोटात हवा जात नाही, ओलं सामान बिनहवेचं कुजतं आणि मिथेन तयार होतो, तो पेट घेतो. म्हणजे जळत होती ती आपल्याच घरातली मेथीची देठं आणि काल उरलेला भात.

तर पहिलं काम, काटा आणा. भंगारवाल्याकडचा लटकवायचा काटा आठवड्यासाठी मागून घ्या आणि सात दिवस रोज ओला कचरा वजन करून वहीत लिहा, रविवार धरून. रविवार सोडला की सगळा हिशोब फसतो, कारण आमच्याकडे सोमवार ते शनिवार 28-30 किलो भरायचा आणि रविवारी 41, कोळंबीची सालं, माशांची डोकी, मटणाची हाडं, कलिंगडाच्या फोडी. हा आकडा हातात नसताना कुणी तुम्हाला ड्रम, मशीन, काही विकायला आलं तर चहा पाजा आणि परत पाठवा.

मशीनबद्दल एकदाच सांगते आणि विषय सोडते. जवळच्याच एका सोसायटीने घेतलं होतं, चोवीस तासांत खत म्हणे. चोवीस तासांत खत होत नाही हो. ते मशीन कचरा गरम करून सुकवतं आणि दळतं, खाली तपकिरी भुकटी पडते, दिसायला खतासारखी. ती कुंडीत टाकून पाणी घातलं की तिसऱ्या दिवशी बुरशी, पाचव्या दिवशी वास, आणि तुळस पिवळी, कारण ती भुकटी म्हणजे वाळवलेलं जेवणच, कुजायचं अजून बाकीच असतं. वर विजेचं बिल. सगळीच मशीनं अशी नसतील, पण घ्यायच्या आधी त्यांची भुकटी मूठभर आणा, ओली करून झाकणाच्या डब्यात चार दिवस ठेवा आणि मग उघडून वास घ्या. त्यानंतर चेक लिहा, नाहीतर नका लिहू.

आता वेगळं करणं. इथे सगळे व्हॉट्सॲपवर पोस्टर टाकतात आणि मग लोक ऐकत नाहीत म्हणून चिडतात. डबा दाराबाहेर कोण ठेवतं ते बघा ना. आमच्याकडे निम्म्या घरांत ते काम घरकामाच्या ताई करतात, त्या आमच्या ग्रुपवर नाहीतच. मी एका दुपारी दोन वाजता, त्या सगळ्या जिन्यात भेटतात त्या वेळेला, चहा आणि खारी घेऊन खाली बसले आणि त्यांनाच विचारलं काय अडचण आहे. एक म्हणाली, ताई, डब्याला पिशवी नसली तर तळाला चिकटतं, घासायला लागतं, म्हणून आम्ही कॅरीबॅग घालतो. बस, प्रश्न तेवढाच होता. तेव्हापासून तळाला पेपराची घडी घालतो, कॅरीबॅग बंद, पेपर कचऱ्यासकट कप्प्यात जातो आणि कुजतो पण. पोस्टर छापून वर्षभर जे झालं नसतं ते त्या खारीच्या पुड्यात झालं.

ओल्यात काय काय ते लोकांना माहीत असतं, घोळ मधल्या वस्तूंचा होतो. चहाचा चोथा चालतो पण टी-बॅगची पिन काढा. अंड्याची टरफलं हाताने चुरून. शहाळं आणि नारळाची करवंटी नाही, ती वर्षभर तशीच पडून राहते. मटणाची मोठी हाडं नाहीत, ती कुजत नाहीत आणि मांजरं बोलावतात. आमटी-रस्सा गाळून फक्त गाळ. निर्माल्य चालतं, मात्र हारातला दोरा, जरी आणि थर्माकोलचे मणी काढून, गणपतीत हेच काम दोन दिवस पुरतं. आणि सॅनिटरी पॅड, डायपर, औषधं हे ओल्यातही नाही आणि सुक्यातही नाही, पेपरात गुंडाळून वर लाल खूण करून तिसऱ्या पिशवीत. पालिकेने 2025 मध्ये यासाठी वेगळी गाडी सुरू केली, सोसायटीने नोंदणी करायची असते, वॉर्ड ऑफिसात विचारा. ही खूण आळस म्हणून सोडू नका, सुका कचरा निवडणाऱ्या बाईच्या हाताला काय लागतं याचा एकदा विचार करून बघा.

आता पाला. भाच्याला हेच कळत नव्हतं. ओला कचरा म्हणजे पाणी आणि नायट्रोजन, नुसता साठवला की तो दबतो, हवा बंद होते आणि सडतो. त्याला कार्बन लागतो, कोरडं, फुगीर काहीतरी, कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण साधारण 25-30 ला 1 बसलं की जिवाणू जोरात कामाला लागतात. एवढं गणित रोज कुणी करत नाही. डोळ्याचं माप सांगते, एक बादली ओलं तर एक बादली सैल सुका पाला. आणि मुंबईत सुका पाला मिळतो कधी तर जानेवारी ते एप्रिल. बदाम जानेवारी-फेब्रुवारीत लाल होऊन झडतो, मग पिंपळ, मग रेन ट्रीची बारीक पानं, ती तर सोनं आहेत, चुरायलाच लागत नाहीत. अशोकाची आणि आंब्याची पानं चिवट असतात, गोणीत भरून वर उभं राहून तुडवायची, पोरांना सांगितलं की आनंदाने नाचतात. रस्ता झाडणाऱ्या दादांशी गोड बोला, त्यांनाही तो पाला कुठेतरी टाकायचाच असतो आणि जाळायची तर बंदी आहे. चुरून ठासून भरलेली एक गोणी आम्हाला पावसाळ्यात दोन-तीन दिवस पुरते, म्हणजे त्या चार महिन्यांना 50 गोण्या. हो, 50. एप्रिलअखेर 50 गोण्या कोरड्या जागी रचलेल्या नसतील तर त्या वर्षी सुरू करू नका, पुढच्या जानेवारीपर्यंत थांबा, त्याने काही बिघडत नाही. गोण्या जिन्याखाली किंवा मीटर रूमजवळ मात्र ठेवू नका, एक ठिणगी पुरते.

पाला कमी पडला तर सुताराकडचा भुसा चालतो पण खऱ्या लाकडाचा, प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो. कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) चालतं, फक्त ते विकत घ्यावं लागतं. उसाच्या रसवाल्याकडची चिपाडं मी एकदा हौसेने आणली होती, दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग थेट ए विंगच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत, ते परत नाही.

कप्पे कसे करायचे. 30 किलो ओलं आणि त्यावर पाला, रोजचं साधारण 100 लिटर होतं पण ते भराभर बसतं, आठवड्यात निम्मं. त्यामुळे तीन-सव्वातीन फूट लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा एक कप्पा आम्हाला बारा ते पंधरा दिवसांत भरतो. असे चार केले की चौथा भरेपर्यंत पहिल्याला दीड महिना होतो, तो रिकामा करायचा आणि परत पहिल्यापासून. याहून लहान केले तर आत उष्णता धरत नाही. जाळी अर्धा इंचाची वेल्ड मेश घ्या, कोंबड्यांच्या खुराड्याची सहाकोनी पातळ जाळी घूस एका रात्रीत फाडते. खाली विटा अंथरा, विटांखालीही जाळी, कारण आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोचा ताप ही काही ऐकीव गोष्ट नाही आणि तो पसरतो उंदीर-घुशींच्या लघवीतून. वर पत्रा, तो चारही बाजूंनी दीड फूट बाहेर आलेला, मुंबईचा पाऊस सरळ कुठे पडतो, आडवा येतो. समोरची बाजू काढता येईल अशी फळ्यांची. पाण्याच्या टाकीपासून लांब, आणि फायर ब्रिगेडची गाडी वळायची जागा अडवू नका. आमचं सगळं गावातल्या वेल्डरने चार दिवसांत करून दिलं (गावातल्या म्हणजे विक्रोळी गावातल्या).

रोजचं काम असं. साडेनऊला कचरा गोळा होतो. पहिला कप्पा सुरू करताना तळाला वीतभर काड्या-पाला, त्यावर जुनं खत किंवा शेण, नसेल तर आंबट ताक पाण्यात कालवून शिंपडायचं, त्यातले जिवाणू पुढचं बघतात. मग ओलं पसरायचं, कोबीचे गड्डे आणि कलिंगडाची सालं कोयत्याने तुकडे करून, पाला टाकायचा, पंज्याने कालवायचं, नुसते थर देऊन सोडायचं नाही. शेवटी वरून दोन-तीन इंच कोराच पाला, चादरीसारखा, एकही भाजी दिसता कामा नये. दिसली की माशी बसलीच. मासळीचं असेल तर मधोमध खड्डा करून पुरायचं, कडेला कधीच नाही.

आणि मग मूठ. हातमोजा घालून आतलं मूठभर काढा आणि करकचून पिळा. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला, मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि बोट लावल्यावर फुटला तर झकास. पाणी धार लावून आलं तर पाला कमी. गोळाच झाला नाही, भुरभुर पडलं, तर कोरडं आहे, पाणी शिंपडा. आमच्याकडे खताचं काम करणाऱ्या सरिताताई (नाव बदललंय) आता पिळतही नाहीत, नुसता हात लावून सांगतात, आज पाला दोन टोपल्या जास्त. चौथ्या-पाचव्या दिवशी लोखंडी सळई मधोमध खुपसून पाच मिनिटं ठेवा आणि काढून धरून बघा, चटका बसायला हवा. आत 55-60 अंश जातं, त्यात रोगजंतू आणि टोमॅटोच्या बिया मरतात. डिसेंबरच्या सकाळी कप्पा उलटा-पालटा करताना जी वाफ निघते ना, बी विंगचे आजोबा पहिल्यांदा बघून ओरडलेच, अहो आग लागली, बादली आणा! आठवड्यातून एकदा असं खालचं वर करायचं, जमलंच नाही तर दहा दिवसांनी, पण करायचं.

वास आला तर आधी तो कसला ते ओळखा. सडक्या अंड्यासारखा येत असेल तर आत हवा नाही, उलटा आणि पाला घाला. डोळ्यांत झोंबणारा, मुतारीसारखा, तो अमोनिया, म्हणजे नायट्रोजन जास्त झालाय, परत पालाच. आंबूस वास म्हणजे भात-पोळ्या एका जागी ढिगाने पडल्यात, मोडून पसरा. चिलटं झाली तर वरची चादर जाड करा. फिनेल, ब्लीचिंग पावडर, हिट, यातलं काहीही मारू नका, कामाचे जिवाणूच मरतील, हे सफाईवाल्या दादांना आणि उत्साही चेअरमनना वेगवेगळं सांगा, दोघंही मारतात.

आता आमचा पहिला पावसाळा, तो न सांगता कसं चालेल. मी हुशारी करून 30 गोण्या गच्चीवर ताडपत्री टाकून ठेवल्या होत्या. जूनमध्येच ताडपत्री उडाली, पाला भिजला, काळा पडला आणि आम्ही तरी तोच घालत राहिलो. जुलैत हवाच अशी असते की वाळत घातलेला टॉवेल तीन दिवस दमट, कप्प्यातलं पाणी जाणार कुठे? एका सोमवारी सकाळी सहाला बेल वाजली, तळमजल्यावरच्या काकू. काही बोलल्या नाहीत, हात धरून खाली घेऊन गेल्या. त्यांच्या दारासमोर, भिंतीवर, रांगोळीच्या ठिपक्यांवरून, बोटाच्या पेराएवढ्या तपकिरी अळ्या चालत होत्या, शंभर तरी असतील. रविवारची कोळंबी कडेला पडली होती, खाली काळं पाणी साचलेलं आणि त्या अळ्या कोरडी जागा शोधत निघालेल्या. नंतर समजलं की त्या काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा फस्त करतात, पण हे ज्ञान सकाळी सहाला काकूंना देऊ नये. मी केरसुणी आणि सूपली घेऊन सगळ्या गोळा केल्या, परत कप्प्यात टाकल्या, कोपऱ्यावरच्या सुताराकडून भुशाची दोन पोती उचलून आणली आणि संध्याकाळी काकूंकडे पुरणपोळी घेऊन गेले. त्यांनी ती घेतली आणि म्हणाल्या, पोळी छान झालीय, तरी मी सोसायटीच्या सभेत विरोधात मत देणार. दिलं पण.

म्हणून पावसाळ्यात पाला दीडपट, पत्र्याची गळती मे महिन्यात तपासायची, तयार झालेलं थोडं कोरडं खत पोत्यात राखून ठेवायचं आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर चार दिवस ओलं पालिकेच्या गाडीत द्यायचं, त्यात लाज नाही. आवारातली गटाराची जाळीही त्याच फेरीत साफ करा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पडला, एवढ्यापुढे कुणाचंच काही चालत नाही, पण साध्या पावसात गेटवर पाणी तुंबतं ते वेफर्सच्या पाकिटांनी आणि दुधाच्या पिशव्यांच्या कापलेल्या कोपऱ्यांनी. तो कोपरा पूर्ण कापूच नका, पिशवीला लटकता ठेवा, म्हणजे पिशवीबरोबर भंगारात जातो.

पैसे आणि माणूस. सगळ्यांना वाटतं कमिटीतले उत्साही लोक आळीपाळीने करतील. दोन महिने करतात. तिसऱ्या महिन्यात कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न, कुणाची कंबर. पहिल्या दिवसापासून पगारी माणूस ठेवा. कचरा वेचणाऱ्या बायकांना हे काम उत्तम येतं, स्त्री मुक्ती संघटना कित्येक वर्षं मुंबईत त्यांना खताचं, बायोगॅसचं प्रशिक्षण देतेय, बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) निसर्गऋण या बायोगॅस प्लांटवरही या बायकांनी काम केलंय. आम्ही घरटी महिना 150 रुपये काढतो, म्हणजे 7200, रोज दीड-दोन तासांचं काम, रविवारचा कचरा सोमवारी. शिवाय सुका कचरा विकून जे येतं ते त्यांचं, सोसायटीने त्यावर डोळा ठेवायचा नाही, हे मिनिट्समध्ये लिहून घ्या, कारण पुठ्ठ्याचा भाव वाढला की ट्रेझररला स्वप्नं पडायला लागतात. गमबूट, जाड हातमोजे, साबण, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हात-पाय धुवायला नळ, हे सोसायटीचं. नळ नसेल तर आधी नळ.

दीड महिन्याने कप्पा उघडला की आत काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचं. लगेच वापरू नका, पंधरा दिवस पोत्यात राहू दे, मग चाळा, वर राहिलेले आंब्याचे बाठे आणि काड्या परत नव्या कप्प्यात. आमचं महिन्याला दीडशे किलोच्या आसपास निघतं, कुंड्यांना एवढं लागतच नाही, नर्सरीवाले नेतात, गावाला जाणारे गाडीत टाकून नेतात. नुसत्या खतात झाड लावू नका, एक भाग खत, दोन भाग माती. आणि पिकलंय की नाही याची खात्री करायची तर मेथ्या पेरा, कच्च्या खतात उगवत नाहीत, उगवल्या तरी पिवळ्या पडतात.

आमची मेथीची कुंडी तळमजल्यावर काकूंच्या खिडकीत असते, तिथे ऊन बरं येतं. प्रत्येक कप्प्याचा निकाल आता त्याच देतात. मागच्या खेपेला म्हणाल्या, आठ दिवस अजून थांबा, कच्चं आहे.